तिसरी इस्टेट कुणाच्या नावावर झाली?

"मॅडम, ती तिसरी इस्टेट शेवटी कुणाच्या नावावर झाली?"

मंगळवारी दुपारी डाउट डेस्कच्या मोबाईलवर हा मेसेज आला. मी तो दोनदा वाचला. आधी वाटलं, कुणीतरी टवाळी करतंय. पण मागच्या महिन्यात एकानं मला विचारलं होतं, शीतयुद्ध फक्त हिवाळ्यात चालायचं का, आणि तो अजिबात गंमत करत नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही प्रश्नाला हसण्याआधी थोडी थांबते. मी लिहिलं, "कोणती इस्टेट?"

लगेच उत्तर आलं. "फ्रेंच राज्यक्रांतीतली. नोट्समध्ये भांडणापर्यंत दिलंय. निकाल दिलेला नाय."

पुंडलिकनगरात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. मी तिथं इतिहास बघते. शिकवायला तरुण मुलं आहेत. ती कॉलर माइक लावून, हातवारे करून नेपोलियन शिकवतात आणि पोरं टाळ्या वाजवतात. माझ्याकडे टाळ्यांचं खातं नाही. माझ्याकडे डाउट डेस्क आहे. डाउट म्हणजे शंका, पण शंका हा शब्द इथं कुणी वापरत नाही. मुलं येतात आणि म्हणतात, "मॅडम, एक डाउट होता." होता म्हणतात म्हणून तो आता गेला असं समजायचं नसतं. तो असतोच, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागं आणखी तीन उभे असतात.

पूर्वी डेस्कवर जगाचा इतिहास फारसा यायचा नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा चार पर्यायांतून एक निवडायची होती, तोवर महायुद्ध कोणत्या साली सुरू झालं एवढं पाठ असलं की भागायचं. आता ती परीक्षा लिहायची झाली आहे. महायुद्ध का झालं, ते दीडशे शब्दांत मांडावं लागतं. का म्हटलं की माझं काम सुरू होतं. युवराजाला मारलं साराजेवोत, मग जर्मनीची फौज बेल्जियममध्ये काय करत होती? ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये कशी साजरी करतात? बर्लिनची भिंत बांधताना लोक गप्प का बसले? खरं सांगते, हे चांगले प्रश्न आहेत. शिकवणाऱ्यांना ते नको असतात, कारण पोर्शन पुढं सरकत नाही.

तर ही इस्टेट. मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला.

"मॅडम, मी रुबीना. सिल्लोडची. निवासी बॅचची परीक्षा दिली होती मी."

"तिसरी इस्टेट म्हणजे तुला काय वाटतं?"

"जायदाद, मॅडम. जमीन. अजून काय?"

मी म्हटलं, "पेपर घेऊन ये."

निवासी बॅच म्हणजे काय ते सांगते. आमचा क्लास दरवर्षी थोड्या मुलांना मोफत ठेवून घेतो. राहणं, जेवण, लायब्ररी, शिकवणं, सगळं क्लासचं. त्यासाठी एक लेखी परीक्षा होते. परीक्षेआधी सगळ्यांना क्लासच्या नोट्स मिळतात आणि पेपर त्याच नोट्सवर निघतो. तपासलेले पेपर मुलांच्या हातात येतात, मग पेपर डिस्कशन होतं, म्हणजे परीक्षा दिलेल्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवून उत्तरं समजावून सांगायची. त्यानंतर शनिवारी निवड जाहीर होते. या वेळचं डिस्कशन गुरुवारी होतं आणि ते माझ्याकडे होतं.

बुधवारी सकाळी सिल्लोडच्या एसटीनं रुबीना आली. बारीक चणीची, चष्मा लावलेली, खांद्याला कॉलेजची सॅक. बसायच्या आधीच तिनं पेपर काढून माझ्यासमोर ठेवला. बाकीच्या उत्तरांना बरे मार्क होते. भूगोलाला तर उत्तमच होते. राज्यक्रांतीच्या प्रश्नाला दहापैकी शून्य. शेजारी लाल पेननं तपासनीसांनी लिहिलं होतं, 'फ्रान्सबद्दल लिहा. सिल्लोडबद्दल नको.'

तो शेरा वाचून मला राग आला. चूक दाखवायला लाल पेन असतो, टोमणे मारायला नसतो. पण उत्तर वाचायला लागले आणि राग मागं पडला. तिनं लिहिलं होतं ते साधारण असं होतं.

फ्रान्समध्ये तीन इस्टेटी होत्या. पहिली धर्माकडे होती. आपल्याकडे देवस्थानाला आणि दर्ग्याला इनाम जमीन असते तशी. तिला सारा माफ. दुसरी सरदारांकडे होती, जहागिरीसारखी. तिलाही माफ. तिसरी सगळ्यात मोठी. राबणारे सगळे तिच्यावर आणि देशाचा सगळा करही तिच्यावरच. राजाचे पैसे संपले म्हणून त्यानं बैठक बोलावली. तिथं एका इस्टेटीला एक मत धरलं. मत जमिनीला होतं, माणसाला नव्हतं. म्हणून तिसऱ्या इस्टेटीवरचे लोक म्हणाले, आमची डोकी मोजा. तिथून भांडण पेटलं.

ज्यांना फ्रान्सची गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथं राजाच्या काळात समाजाचे तीन दर्जे होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील, झाडून सगळे. या दर्जाला इंग्रजीत इस्टेट म्हणतात. त्याचा जमिनीशी संबंध नाही. करांचा बोजा तिसऱ्या दर्जावर होता. तिघांची मिळून जी बैठक भरायची तिला इस्टेट जनरल म्हणत. तिथं प्रत्येक दर्जाला एकच मत, त्यामुळे वरचे दोघे एकत्र आले की तिसरा कायम हरणार. तिसऱ्यांनी मागणी केली की माणशी मत धरा, डोकी मोजा. राजानं टाळाटाळ केली आणि पुढं ते सगळं रामायण झालं. पुढं गिलोटिनखाली डोकी मोजलीही गेली, पण वेगळ्या कारणानं.

आता हे वाचून रुबीनाचं उत्तर परत बघा. एक शब्द चुकीचा समजलाय. बाकी सगळं बरोबर आहे.

"हे इनाम, जहागीर तू कुठून आणलंस?" मी विचारलं.

"घरातूनच, मॅडम. माझे नाना, म्हणजे अम्मीचे अब्बा, दर्ग्याचे मुजावर होते. त्यांच्याकडं खिदमतमाशची जमीन होती. दर्ग्याची सेवा करायची म्हणून दिलेली. तिला सारा नाय. आणि अब्बाकडचे लोक निजामाच्या टायमाला जहागिरीतले कूळ. ते राबायचे, वर द्यायचे पण तेच. मी नोट्स वाचल्या तर मला वाटलं, हे तर आपलंच चाललंय. म्हणजे मॅडम, नाना पहिल्या इस्टेटीतले आन् अब्बा तिसऱ्या."

"मग घरात क्रांती झाली का?"

ती हसली. "अम्मी रोज करती."

मग तिनं सरळ मुद्द्याला हात घातला. वडिलांचं सिल्लोडला पंक्चरचं दुकान आहे. पैसे भरून शहरात राहायचं जमणार नाही, हे घरात आधीच बोलून झालंय. निवासी बॅच मिळाली तर वडील पाठवायला तयार आहेत, आणि ते स्वतः म्हणालेत, कुणी गळ घातली म्हणून नाही. नाही मिळाली तर सिल्लोडच्या एका इंग्लिश स्कूलमध्ये पहिली-दुसरीला शिकवायला जायचं, तेही नक्की झालंय. एकदा ती नोकरी धरली की अभ्यास सुटणार, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. अशा सुटलेल्या मुली मी बऱ्याच बघितल्या आहेत.

"मॅडम, शून्यच चुकीचं आहे असं मी म्हणत नाय," ती म्हणाली. "पण माझं काय चुकलं ते तरी कुणी सांगावं. इथं तर सिल्लोडबद्दल लिहू नको, एवढंच लिहिलंय."

मी तिला काय चुकलं ते त्या दिवशी सांगितलं नाही. कारण माझ्या डोक्यात दुसरंच काही आलं होतं. मी फक्त विचारलं, "गुरुवारच्या डिस्कशनला येशील?"

"मावशीकडं थांबायलेच मी. येते."

ती गेल्यावर मी नोट्स उघडल्या. त्यात असं होतं: 'तत्कालीन फ्रान्स तीन इस्टेटमध्ये विभागलेला होता. पहिल्या दोन इस्टेटना करमाफी होती. तिसऱ्या इस्टेटवर कराचा संपूर्ण बोजा होता. इस्टेट जनरलच्या अधिवेशनात मतदानाच्या पद्धतीवरून तिसऱ्या इस्टेटने वाद घातला.' इस्टेट म्हणजे काय, हे पानभर शोधूनही सापडलं नाही. मराठी माणसाला इस्टेट हा शब्द शिकवावा लागत नाही. त्याच्यावरून आपल्याकडे भाऊ भावाशी बोलत नाही, आणि कोर्टात तिसरी पिढी तारखेला जाते. त्या शब्दाचा अर्थ आपल्याला दुधातूनच मिळालेला असतो. तो अर्थ डोक्यात ठेवून ही चार वाक्यं वाचा. ती नीट लागतात. तीच तर अडचण होती.

नोट्स डायरेक्टर देशपांडे सरांनी स्वतः लिहिलेल्या आहेत. सर या क्लासचे मालक. राज्यसेवेच्या इंटरव्ह्यूपर्यंत दोनदा जाऊन आलेले. माणूस वाईट नाही, पण नोट्स हा त्यांचा जीव आहे. अर्ध्या मराठवाड्यात त्यांची झेरॉक्स फिरते, आणि झेरॉक्सबद्दल ते तक्रार करतात तेव्हाही चेहरा खूश असतो. मी पेपर घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे उत्तर बघा."

त्यांनी बघितलं. "चूक आहे."

"चूकच आहे. पण का चूक आहे?"

"साळवे मॅडम, इस्टेट म्हणजे जमीन असं तिनं लिहिलंय. दहापैकी शून्य बरोबर आहे."

"नोट्समध्ये इस्टेट म्हणजे काय ते कुठं दिलंय?"

सर खुर्चीत सरळ झाले. "शब्द बरोबर आहे. इंग्लिशमध्ये तोच आहे. आयोगाच्या पेपरमध्ये तोच येतो."

"इंग्लिशमध्ये बरोबर आहे. पण मराठीत तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे."

"बाकीच्यांना कसा कळला मग? आठ आठ, नऊ नऊ मार्क घेतलेत पोरांनी."

हा प्रश्न मला हवाच होता. मी म्हटलं, "त्यांना कळलाय का, हे मी उद्या विचारू का?"

"विचारा ना. मार्क बदलणार नाहीत. शनिवारी निवड लागेल." आणि मी दारात पोचले तेव्हा म्हणाले, "एकासाठी नियम वाकवला ना मॅडम, की बाकीचे पालक माझ्या दारात बसतात." त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पेपर तपासणाऱ्याला एक मॉडेल आन्सर दिलेलं असतं, म्हणजे आदर्श उत्तर. त्यात काही शब्दांखाली रेघ असते. त्यांना कीवर्ड म्हणतात. राज्यक्रांतीच्या प्रश्नात तिसरी इस्टेट, करमाफी, इस्टेट जनरल, मतदान पद्धत असे कीवर्ड होते. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो. तो कीवर्ड शोधतो, बरोबरची खूण करतो, पुढं जातो. ज्यानं नोट्समधली वाक्यं जशीच्या तशी उतरवली त्याला सगळ्या खुणा मिळतात. त्यानं ते वाक्य समजून लिहिलंय का, हे बघायची सोय त्या पद्धतीत नाही. त्यात तपासनीसाचाही दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. टोमण्याचा मात्र आहे.

गुरुवारी हॉल भरला होता. रुबीना मागून दुसऱ्या ओळीत भिंतीला टेकून बसली होती. मी आधीचे प्रश्न नेहमीसारखे घेतले. राज्यक्रांतीच्या प्रश्नावर आले तेव्हा विचारलं, "या उत्तराला नऊ मार्क कुणाकुणाला आहेत?"

चार-पाच हात वर झाले. पहिल्या ओळीतला सुमित पैठणचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं, डिस्कशनला तो कायम पुढं बसतो. मी त्याला उभं केलं.

"तिसऱ्या इस्टेटवर कराचा बोजा होता, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. इस्टेट म्हणजे काय?"

तो जरा गोंधळला. एवढा सोपा प्रश्न का विचारला, असा चेहरा. "प्रॉपर्टी, मॅडम."

"कुणाची?"

"राजाची. त्यानं तीन भाग पाडले होते."

मी दुसऱ्या मुलीकडे वळले. ती म्हणाली, "इंडस्ट्रियल इस्टेट असते ना मॅडम, चिकलठाण्याला, तसे एरिया. पहिल्या दोन एरियाला टॅक्समध्ये सूट होती." तिचं उत्तर ऐकून मला क्षणभर वाटलं, ही तर आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे. तिसरा छावणीत राहणारा मुलगा होता. त्याचे वडील फौजेत. तो म्हणाला, "मॅडम, माझं जरा वेगळं आहे. इस्टेट जनरल म्हणजे ऑफिसर ना? जनरल रँकचा? त्या जमिनी त्याच्या ताब्यात असणार." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. दोघातिघांनी मान डोलावली.

मी विचारलं, "इस्टेट म्हणजे जमीन नाही, असं कुणाला वाटतं का?"

एकही हात वर झाला नाही. मी दाराकडं बघितलं तर देशपांडे सर उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो ते पीत नव्हते.

ते आत आले. सुमितपाशी थांबले. "बाळा, तू तर चारही कीवर्ड लिहिलेस. मग ही बैठक कशासाठी होती?"

"मतदानासाठी, सर."

"कुणाचं मतदान?"

सुमितनं खाली बघितलं. "नोट्समध्ये पद्धत असं दिलंय, सर. कुणाचं ते दिलेलं नाही."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. मला त्यांची दया आली, हे मी खरंच सांगते. स्वतःच्या नोट्स इतक्या प्रामाणिकपणे पाठ झालेल्या बघून माणसाला आनंद व्हावा की काय व्हावं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग मी सगळ्यांना दोन वाक्यांत सांगितलं. इस्टेट म्हणजे जमीन नाही, माणसं. धर्मगुरू सोडले तर, जन्माला आल्याबरोबर माणसाला चिकटणारा दर्जा, जो त्यानं काही केलं तरी सुटत नाही. एवढं म्हटलं आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. हे समजावून सांगायला आपल्याकडं नकाशा लागत नाही. माझ्या आजोबांना गावात कुठं उभं राहू द्यायचे आणि कुठं नाही, हे मी तिथं सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

मी म्हटलं, "रुबीना, उभी राहा. आता तुझं उत्तर काय होईल?"

ती उठली. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, मनात वाचत असावी. मग म्हणाली, "मॅडम, जमीन काढून माणसं घालायची. म्हणजे इनामाऐवजी धर्मवाले, जहागिरीऐवजी सरदार. सारा माफ तो तसाच राहतो. एक ओळ तेवढी खोडावी लागंल. मत जमिनीला होतं असं लिहिलंय मी. ते मत दर्जाला होतं. माणसाला नव्हतं, हे तर तसंच आहे."

"आणि तुझा डाउट? तिसरी इस्टेट कुणाच्या नावावर झाली?"

ती म्हणाली, "कुणाच्याच नाय मग. लोकांनी इस्टेट हेच मोडून टाकलं असंल. ते तिघं एकाच ठिकाणी बसले असतील, सगळ्यांची डोकी मोजून."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नोट्समध्ये पुढच्या पानावर राष्ट्रीय सभा असं कोरडं नाव आहे. ते कशाचं नाव आहे, ते तिनं उभ्या उभ्या शोधून काढलं. मी उगाच फळा पुसला. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण असा प्रसंग वर्षातून एकदा येतो, आणि ज्या वर्षी येत नाही ते वर्ष फार लांबतं.

देशपांडे सरांनी सगळ्यांकडे बघून सांगितलं, "हे दहा मार्क पुन्हा होतील. सगळ्यांचे. कोरा कागद घ्या. फ्रेंच राज्यक्रांती का झाली ते लिहा. इस्टेट हा शब्द वापरायचा नाही."

शेवटचं वाक्य माझं नव्हतं, सरांचं होतं. ते त्यांना सुचलं याचं मला अजून कौतुक वाटतं. उगाच नाही हा माणूस दोनदा इंटरव्ह्यूला गेला.

पोरांनी पेन काढले आणि बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. एक शब्द काढून घेतला तर वाक्यच उभं राहीना. मी मधून फिरत होते. काहींनी हळूहळू सुरुवात केली. छावणीच्या मुलानं चांगलं लिहिलं. त्यानं सैन्यातल्या मेसचं उदाहरण दिलं, साहेबांची वेगळी, जवानांची वेगळी. इंडस्ट्रियल इस्टेटवाली मुलगीही सावरली. रुबीनाचा कागद मी मुद्दाम बघितला नाही. कागद सरांनी स्वतः घरी नेऊन तपासले, नावं झाकून. माझ्याकडे द्यायला तयार नव्हते, आणि ते बरंच झालं.

शनिवारी निवड लागली. रुबीनाला त्या उत्तराला सात मिळाले होते आणि शेवटून दुसरं नाव तिचं होतं. सुमितला तीन मिळाले. त्याचं नाव नव्हतं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मी तर नोट्समध्ये होतं तेच लिहिलं होतं." तो काही कमी अभ्यास करणारा मुलगा नाही. आम्ही जे करायला सांगितलं तेच त्यानं केलं होतं. मी त्याला डेस्कचा नंबर दिला आणि सांगितलं, कधीही विचार, बॅचमध्ये नसलास तरी. त्यानं नंबर घेतला, पण अजून काही विचारलेलं नाही, आणि त्याची मला रुखरुख आहे.

रुबीनानं घरी फोन केला तेव्हा ती माझ्या टेबलाजवळच उभी होती. "अब्बा, हो गया," एवढंच म्हणाली आणि फोन कानाला धरून उभी राहिली. पलीकडून दुकानातल्या कॉम्प्रेसरचा आवाज आला आणि ती हसायला लागली.

माझ्या कामातला धडा म्हणाल तर एवढाच, की स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याची चूक उघड्यावर येते आणि पाठ करणाऱ्याची मार्क घेऊन घरी जाते. म्हणून आता मी डेस्कवर उत्तर द्यायच्या आधी समोरच्याला एक प्रश्न विचारते: या शब्दाचा तुला काय अर्थ वाटतो? यात वेळ जातो. सर कुरकुरतात, पण बंद करा म्हणत नाहीत.

नोट्सही त्यांनी बदलल्या. महिन्याभरात नवी आवृत्ती आली. इस्टेट हा शब्द सगळीकडून काढला आणि तिथं शुद्ध मराठी शब्द घातला, वर्ग. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. मला ती प्रत त्यांनी स्वतः आणून दिली आणि म्हणाले, "आता नाही कुणी चुकायचं."

परवा डेस्कच्या मोबाईलवर कन्नड तालुक्यातल्या एका मुलाचा मेसेज आला. नवीन आवृत्ती वाचून पाठवलेला. "मॅडम, एक डाउट होता. कराचा सगळा बोजा तिसऱ्या वर्गावरच का टाकला?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर टाइप करायला घेतलं. रुबीना शेजारी बसून वाचत होती. ती म्हणाली, "मॅडम, आधी विचारा ना त्याला."

मी ते खोडलं आणि लिहिलं, "वर्ग म्हणजे तुला काय वाटतं?"

उत्तर आलं, "शाळेतला, मॅडम. पण एवढ्या लहान पोरांकडून कर घ्यायचे म्हणजे क्रांती होणारच की."